कार्ट भरून निघून गेलेलं गिऱ्हाईक परत कसं आणावं?

ऑनलाइन दुकानात कार्ट भरणारे १०० असतील, तर पैसे भरणारे जेमतेम ३०. हे तुमच्याच नशिबी आहे असं समजू नका. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक अभ्यासांची सरासरी काढते, त्यातही कार्ट अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास येतं. यातले बरेच जण नुसते भाव बघून जाणारे. संध्याकाळी ठाण्याच्या गोखले रोडवर हिंडणारा प्रत्येक जण कुठे पिशवी भरून घरी जातो? त्यांचा नाद सोडा. घ्यायचं ठरवून आलेले आणि ऐनवेळी अडलेले, ते आपले.

पायरी १ : नेमके कुठे अडले ते बघा

कार्टपर्यंत आलेले, पत्ता भरलेले आणि पेमेंटपर्यंत पोचलेले असे तीन गट पाडा. दुकान शॉपिफाय या तयार प्रणालीवर असेल, तर अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींची यादी तयार मिळते; वूकॉमर्सवर असेल, तर त्यासाठी प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकावं लागतं. पण ज्याने नंबर किंवा ईमेलच दिला नाही, त्याला गाठणार कसं? म्हणून चेकआउटमध्ये, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानांवर, मोबाइल नंबर सगळ्यात वर घ्या, पत्ता नंतर. आणि 'आधी अकाउंट उघडा' ही अट असेल, तर ती आजच काढून टाका.

पायरी २ : शेवटच्या पानावरचा धक्का काढा

माझ्या मते अर्धं काम इथेच होतं, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळून थेट मेसेज पाठवायला बसतात.

समजा, नौपाड्यातून तुम्ही भाजणी, मेतकूट, गोडा मसाला पाठवता. गिऱ्हाइकाने ३२० रुपयांचा माल निवडला, नाव-पत्ता भरला आणि शेवटी दिसलं, 'डिलिव्हरी ९० रुपये'. तिथेच बोट थांबतं. नव्वद रुपये जड नसतात, ते उशिरा कळले याचा राग येतो.

आपल्या भागात याला पिनकोडची एक गंमत जोडलेली आहे. ठाणे शहर, वाशी, नेरुळ यांचे पिनकोड ४०० ने सुरू होतात, पण खारघरचा ४१०२१० आणि पनवेलचा ४१०२०६. '४०० म्हणजे जवळचं, बाकी सगळं लांबचं' असा नियम लावून ठेवलात, तर नेरुळला ५० रुपये आणि तिथून तिसऱ्या स्टेशनावरच्या खारघरला थेट नाशिक-कोल्हापूरचा दर लागतो. खारघरची गिऱ्हाइकं पळतात आणि तुम्ही भाजणीच्या किमतीला दोष देत बसता. सेटिंगमध्ये जाऊन ही यादी हाताने तपासा.

वस्तूच्या पानावरच पिनकोडचा चौकोन द्या आणि डिलिव्हरीसकट रक्कम दाखवा. थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ 'डार्क पॅटर्न'पैकी, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांपैकी, एक धरलं आहे. 'फक्त २ शिल्लक, लवकर करा' अशी खोटी घाईसुद्धा त्याच यादीत येते.

पायरी ३ : पेमेंट फसलेल्यांना आधी हात द्या

यांचा मेसेज वेगळाच हवा. यूपीआयने खात्यातून पैसे गेले, पण ऑर्डर झाली नाही, असा माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्याला 'तुमचं कार्ट वाट बघतंय' लिहिलंत तर तो खवळणारच. दुकानापर्यंत पेमेंटची खात्री पोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत जमा व्हावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तो त्याला सांगा आणि पेमेंट गेटवेवर (तुमच्या दुकानाचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेवर) नोंद पाहून मगच दुसरी लिंक द्या. घाईत दोनदा पैसे कापले गेले, तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

पायरी ४ : मेसेज पाठवा, पण माणसासारखा

पहिला मेसेज तासाभरात. मात्र सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याने मोबाइल चाळणारी बाई घणसोलीला उतरली की ऑफिसात शिरते. तिला संध्याकाळी लिहिलेलं बरं. मजकूर साधारण असा:

'नमस्कार ताई, तुम्ही निवडलेली अर्धा किलो भाजणी आणि मेतकूट बाजूला ठेवलं आहे. नेरुळला डिलिव्हरी धरून ३७० रुपये. पैसे भरताना काही अडलं का? इथेच कळवा, मी बघते.'

यात सवलतीचा शब्दही नाही, आणि तो मुद्दामच घातलेला नाही. पहिल्याच मेसेजात १० टक्के सूट दिलीत, तर पुढच्या वेळी लोक कार्ट भरून सवलतीची वाट बघत बसतील. दुसरा मेसेज दुसऱ्या दिवशी, शंका दूर करणारा: भाजणी किती दिवस टिकते, पार्सल कधी निघेल. सूट द्यायचीच तर तिसऱ्या मेसेजात, एकदाच. त्यानंतर गप्प बसा.

व्हॉट्सअ‍ॅपवर असे मेसेज पाठवायला गिऱ्हाइकाची संमती लागते. चेकआउटवर तसा रिकामा चौकोन ठेवा, त्यावर टिक त्यालाच करू द्या. लोकांनी ब्लॉक करायला सुरुवात केली की तुमचा नंबरच अडचणीत येतो.

पायरी ५ : उत्तरं लिहून ठेवा

'काही अडलं का?' याला जी उत्तरं येतील ती वहीत उतरवा. 'कॅश ऑन डिलिव्हरी नाही का?' हे वारंवार आलं, तर ती सोय सुरू करा, पण पार्सल निघण्याआधी फोन करून ऑर्डर पक्की करून घ्या. नाहीतर परत आलेल्या पार्सलचं कुरिअर भाडंही तुमच्याच खिशातून जाईल. 'ओटीपी येत नाही' असं दोन-तीन जणांकडून कळलं, तर उरलेल्यांना मेसेज पाठवणं थांबवा आणि आधी स्वतःच्या फोनवरून एक ऑर्डर टाकून बघा.