वेताळ टेकडीवर सूर्यास्त चुकू नये म्हणून मुठीचं माप

टेकडीवर सूर्यास्त बघायला जातो आणि एकतर धावतपळत पोचतो नाहीतर तासभर आधी जाऊन बसतो, असं होत असेल तर हे करून बघा. पुण्यात सूर्यास्ताची वेळ नोव्हेंबरच्या शेवटी ६ च्या आसपास आणि जूनच्या शेवटी सव्वासातपर्यंत जाते, त्यामुळे मागच्या वेळचा अंदाज चालत नाही.

१. हात सरळ ताणून मूठ आडवी धरा, खालची कड क्षितिजाला लावा.
२. सूर्यापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा. एक मूठ म्हणजे आपल्याकडे साधारण ४० मिनिटं, एक बोट धरलं तर ८-१० मिनिटं.
३. समोर डोंगर असेल तर त्याच्या माथ्यापासून मोजा, कारण सूर्य तिथेच आधी लपतो.

नेटवर बोटाला १५ मिनिटं सांगतात पण आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो त्यामुळे तेवढा वेळ मिळत नाही, मी तरी ८ च धरते.

एक सांभाळा, मोजताना सूर्य मुठीआड झाका, थेट बघत राहू नका. बुडाल्यावर उतरायला पुरेसा उजेड फक्त २०-२५ मिनिटं असतो, टॉर्च बरोबर ठेवाच.