सेल कल्चर करताना या चुका टाळा: मिडियमच्या आधी खोली तपासा

सेल कल्चर म्हणजे शरीराबाहेर, लॅबमध्ये पेशी वाढवणं. पेशी मेल्या की नव्या मुलांचा पहिला संशय मिडियमवर, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवावर, दुसरा त्यात मिसळायच्या सीरमवर (रक्तातल्या द्रव भागावर). पेशी उबेत ठेवायचं कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, ज्या खोलीत आहे तिच्याकडे कोणी बघत नाही. सोलापुरात मात्र खरी गडबड तिथेच होते.

साधा इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. आत 37 अंश राखायचं तर खोली निदान पाच अंशांनी गार हवी, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो. इथल्या एका लॅबमध्ये उन्हाळाभर दर सोमवारी पेशी मरून, भांड्याचा तळ सोडून तरंगताना दिसायच्या. मिडियम बदललं, सीरमची नवी बाटली उघडली, मायकोप्लाझ्माची (पेशींना छुपा संसर्ग करणाऱ्या जिवाणूंची) चाचणीही केली, तीही निगेटिव्ह. मी किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आतल्या फळीवर ठेवायला सांगितला. सोमवारी कमाल आकडा 40 च्या पुढे! शनिवारी घरी जाताना वीज वाचवायला एसी बंद व्हायचा. सोमवारी एसी लावून मगच पेशी बघायच्या, तोवर डिस्प्लेवर पुन्हा 37. पेशी दोन-तीन अंशांचा गारवा सोसतात, तेवढीच जास्तीची उष्णता काही तासांत भोवते. असा थर्मामीटर फार महाग नसतो. तो नसलेल्या इन्क्युबेटरवर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक कोरड्या हवेची. इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे आटला की 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या 36 वेलमधलं मिडियम आधी उडतं, क्षार दाटतात, पेशी आक्रसतात. पेशींवर औषध तपासत असाल, तर मग कोणीतरी आनंदाने सांगतं, औषध लागू पडलं! मी त्या 36 वेलमध्ये नुसतं निर्जंतुक पाणी भरते आणि प्रयोग आतल्या 60 मध्येच करते. वेल वाया जातात अशी कुरकुर होते. महिन्याची मेहनत वाया जाण्यापेक्षा ते परवडलं.

दार सारखं उघडू नका: 5 टक्के कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि मिडियम अल्कधर्मी होऊन जांभळट दिसतं.

पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, त्या मध्यभागी गोळा होतात. आधी मागे-पुढे, मग डावी-उजवीकडे हलवा. घाई असली तरी.

राहिला पृष्ठभाग, ज्यावर पेशी चिकटून वाढतात. एंग्लर, डिश्चर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की मेंदूइतक्या मऊ जेलवर मूलपेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) चेतापेशींकडे झुकतात, कडक जेलवर हाडाच्या पेशींकडे. आपलं प्लास्टिक मेंदूपेक्षा लाखो पटींनी कडक आहे. म्हणजे पृष्ठभाग बदलला की पेशींचं वागणंही बदलू शकतं. म्हणून प्रयोगाच्या मध्येच, स्वस्त मिळाली या कारणाने दुसऱ्या कंपनीची किंवा वेगळ्या कोटिंगची प्लेट घेऊ नका. घ्यावीच लागली, तर एकाच फ्लास्कमधल्या पेशी दोन्ही प्लेटवर शेजारीशेजारी वाढवून आधी बघा.