कास्टिंग नंबरावरून सिलिंडर हेड कसे ओळखावे

जुन्या अमेरिकन व्ही-एट (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे ओतीव झाकण तडकले, की इंदूरमधल्या गाडीमालकापुढे दोनच वाटा उरतात. इथल्या एखाद्या जुन्या गोदामात पडून असलेले हेड शोधायचे, नाहीतर परदेशातून मागवायचे. ओतीव लोखंडाचे हेड इतके जड असते की परदेशातून मागवताना वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीशी स्पर्धा करतो. म्हणून पैसे देण्याआधीच हेड नेमके कोणते आहे याची खात्री करून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी हेडवर ओतलेला कास्टिंग नंबर आणि इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या अशा नंबरांच्या याद्या ही दोन साधने पुष्कळ आहेत. मात्र त्या नंबरातून काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कास्टिंग नंबर हा साच्याचा नंबर असतो. साच्यातून बाहेर आलेल्या कच्च्या नगावर पुढे मशीनवर काम होते, आणि एकाच साच्यातल्या दोन नगांवर वेगवेगळे काम झालेले असू शकते. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनाचे ३७८२४६१ नंबराचे हेड याचे उत्तम उदाहरण आहे. कुठे या हेडमध्ये १.९४ इंची इनटेक व्हॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणारी झडप) आढळतो, तर कुठे २.०२ इंची, नंबर मात्र दोन्हींवर तोच असतो. सुट्या भागांच्या दुकानात मागितला जाणारा पार्ट नंबर हा याहून वेगळा असतो आणि तो बहुधा हेडवर ओतलेला नसतो. या दोहोंची गल्लत करून ऑर्डर दिली, तर भलताच माल दारात येतो.

नंबर शोधण्यापूर्वी हेड स्वच्छ करावे. शेव्हरोलेच्या हेडवर तो व्हॉल्व्ह कव्हरखाली, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांच्या मधल्या जागेत उठावाच्या अंकांत असतो. त्यामुळे हेड गाडीवर असले तरी नुसते कव्हर काढून तो वाचता येतो. फोर्डच्या अनेक हेडांवर तो इनटेक पोर्टच्या (हवा आत येण्याच्या तोंडाच्या) खालच्या बाजूला असतो, म्हणजे हेड उतरवल्याशिवाय दिसत नाही. पॉन्टिॲकच्या हेडवर मधल्या एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याच्या) पोर्टवरचे ठळक अंक पाहावेत. साचलेले तेल आणि काजळी घासलेटात भिजवून पितळी ब्रशने काढावी. घाईने ग्राइंडर लावणाऱ्या उस्तादाला मात्र वेळीच थांबवावे, कारण उठावाचे अंक एकदा घासले गेले की परत येत नाहीत. मग खडूची कांडी आडवी धरून अंकांवरून हलकेच फिरवावी. खडू फक्त उंच भागावर बसतो आणि अंक काळ्या लोखंडावर पांढरे उठून दिसतात. टॉर्चचा उजेड समोरून न टाकता अगदी बाजूने टाकावा आणि त्याच उजेडात फोटो घ्यावा. गंज चढलेल्या हेडवर तीनचा आठ आणि सहाचा शून्य सहज वाचला जातो. शंका असलेल्या अंकाच्या जागी दोन्ही पर्याय लिहून ठेवावेत आणि दोन्ही यादीत पाहावेत.

नंबराच्या जवळच बहुधा तारखेची खूणही असते, आणि तिच्याकडे फार जणांचे दुर्लक्ष होते. शेव्हरोले आणि पॉन्टिॲक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या पद्धतीत ए ते एल ही बारा अक्षरे बारा महिन्यांसाठी, त्यानंतर दिवस आणि शेवटी वर्षाचा केवळ अखेरचा अंक असतो. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च, आणि वर्ष ९ ने संपणारे. ते १९५९, १९६९ की १९७९, हे कास्टिंग नंबरावरून ठरवावे लागते. फोर्डच्या खुणेत वर्षाचा अंक आधी येतो आणि महिन्यांच्या अक्षरांतून आय वगळलेले असते, म्हणून तिथे डिसेंबरसाठी एम येतो.

फोर्डचा नंबर स्वतःच बरेच काही बोलतो. ‘सी ९ ओ ई’ ही सुरुवात घेतली, तर सी म्हणजे साठचे दशक, ९ म्हणजे १९६९, ओ म्हणजे फेअरलेन गाडीची शाखा आणि ई म्हणजे इंजिनाचा भाग. सत्तरच्या दशकासाठी डी येतो. परंतु हे वर्ष आराखड्याचे आहे. तेच ओतकाम पुढेही चालू राहिलेले असू शकते, म्हणून प्रत्यक्ष वयासाठी तारखेच्या खुणेकडेच जावे. १९७० च्या हेडांवर ‘डी, शून्य, ओ, ई’ असा क्रम येतो, आणि यादीत शोधताना शून्याच्या जागी अक्षर टाइप केले की ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर मिळते. हेड दुर्मीळ आहे असे समजून खूश होण्याआधी हे तपासावे.

याद्यांत साधारणपणे नंबर, वर्षे, इंजिनाचे घन इंच, दहनकक्षाचे (हेडमधल्या इंधन जळण्याच्या पोकळीचे) आकारमान आणि व्हॉल्व्हचा व्यास हे रकाने असतात. शोध पूर्ण नंबराने घ्यावा. जाणकार लोक बोलताना शेवटचे तीन अंकच घेतात, ‘४६१’ किंवा ‘८८२’ असे. पण तेवढ्यावर शोधल्यास दुसऱ्याच कंपनीचे हेड समोर येऊ शकते. दोन याद्या जुळल्या म्हणजे दोन साक्षी मिळाल्या असेही नाही, कारण पुष्कळ याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि एकीतली चूक दुसरीत जशीच्या तशी जाते.

म्हणून यादीतले उत्तर हेडवर पडताळून पाहावे. ४६१ असेल तर हेडच्या टोकाला दोन उंचवट्यांची ओतीव खूण दिसली पाहिजे. व्हॉल्व्हचा व्यास व्हर्नियरने मोजावा: १.९४ इंच म्हणजे सुमारे ४९.३ मिलिमीटर, २.०२ इंच म्हणजे सुमारे ५१.३. दहनकक्ष मोजण्यासाठी व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवून, ॲक्रिलिकची भोकाची पट्टी ग्रीस लावून वर चिकटवावी आणि सिरिंजने रंगीत पाणी भरावे. जितके मिलिलिटर मावले तितके घन सेंटिमीटर. ४६१ चा कक्ष मुळात सुमारे ६४ घन सेंटिमीटरचा आणि शेव्हरोलेच्याच ३३३८८२ चा, म्हणजे ‘८८२’ चा, सुमारे ७६ चा असतो. ३५० घन इंचाच्या इंजिनावर एवढ्या फरकाने कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) एकाहून थोडा अधिकच बदलतो. मोजमाप यादीपेक्षा लक्षणीय कमी आले, तर त्या हेडचे फेसिंग (खालचा पृष्ठभाग मशीनवर तासून सपाट करणे) पूर्वी झाले आहे असे धरावे आणि आणखी किती फेसिंग झेपेल हे मशीनशॉपला विचारावे. ८८२ मिळत असेल तर तडे तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्या हेडची त्याबाबत ख्याती चांगली नाही.

विलीजच्या हरिकेन इंजिनाच्या जीपवाल्यांसाठी एक गोष्ट निराळी आहे. त्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे केवळ हेडच्या नंबरावरून एक्झॉस्टच्या बाजूविषयी काहीच कळत नाही.

व्ही-एटच्या बाबतीत दोन्ही हेडांचे नंबर वेगवेगळे वाचावेत. अनेक दुरुस्त्या झालेल्या इंजिनावर डावे आणि उजवे हेड निरनिराळ्या साच्यांतले निघू शकते, आणि तशा वेळी एका हेडच्या नंबरावर दुसऱ्याचे गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह मागवू नयेत.