दारूच्या सल्ल्याची बातमी कशी वाचावी

डेस्कवर आरोग्याच्या बातम्या मी पाहते. दारूबद्दलच्या सरकारी सल्ल्याची बातमी आली की मथळा बाजूला ठेवा आणि आधी मोजमाप शोधा. ब्रिटनने 2016मध्ये पुरुषांची मर्यादाही बायकांइतकीच, म्हणजे आठवड्याला 14 युनिट केली. तिथलं युनिट 8 ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचं, अमेरिकेचं 'ड्रिंक' 14 ग्रॅमचं. दोन्हींना सरसकट 'पेग' म्हणून छापलं की मला चीड येते, कारण वाचणारा त्यावरून स्वतःचं प्रमाण ठरवतो.

ब्रिटिश युनिटचा हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचे टक्के, भागिले 1000. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीची 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे 7.7 ब्रिटिश युनिट. दोन क्वार्टर झाल्या की आठवड्याची मर्यादा ओलांडली.

कॅनडाच्या 2023च्या अहवालात आठवड्याला एक-दोन ड्रिंक म्हणजे कमी धोका, तीन ते सहा म्हणजे मध्यम, असा चढता क्रम होता. मथळ्यांत 'फक्त दोनच' उरलं.

'धोका दुप्पट' असेल तर कितीवरून किती, ते शोधा. प्रतिक्रिया मद्यउद्योगाची आहे का, तेही बघा. गरोदरपणाची ओळ तळाशी ढकललेली असते. ब्रिटनचा सल्ला गरोदरपणात अजिबात न पिण्याचा आहे. बातमी पुढे पाठवताना ती ओळ आधी लिहा.