इन्व्हर्स फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह: बारावीच्या पोरांनो, या चुका टाळा

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: एक भागिले मूळ डेरिव्हेटिव्ह. पण किंमत कुठे टाकायची, तिथे दरवर्षी तीच गडबड.

य = क्ष³ + २क्ष + १ घ्या. य = ४ असताना इन्व्हर्सचं डेरिव्हेटिव्ह विचारलं, की पोरं थेट ३क्ष² + २ मध्ये ४ घालतात आणि १/५० लिहून मोकळी होतात. अरे, ४ ही य ची किंमत आहे! य = ४ कधी होतो? क्ष = १ असताना. तिथे मूळ डेरिव्हेटिव्ह ५, म्हणून उत्तर १/५. कापूस वेचाईचा किलोमागचा दर उलटवून रुपयामागे किती किलो ते काढायचं, तर ज्या वेच्याचा हिशेब त्याच वेच्याचा दर घ्यावा लागतो. मी आधी ‘क्ष = १, य = ४’ ही जोडी लिहून तिला चौकट करायला लावतो. पडताळाही सोपा आहे: क्ष १.०२ केला की य सुमारे ४.१ होतो. ०.०२ भागिले ०.१, म्हणजे १/५.

साइन इन्व्हर्स म्हणजे एक भागिले साइन नव्हे, तो कोसेक.

मूळ डेरिव्हेटिव्ह शून्य असेल तिथे सूत्र लावू नका. क्ष³ च्या इन्व्हर्सची स्पर्शिका शून्यापाशी उभी असते.

शॉर्टकटचा मात्र मला खरंच राग येतो. वणीकडच्या खेड्यातून येणारा एक हुशार पोरगा सीईटीची तयारी करत होता. साइन इन्व्हर्स [२क्ष/(१ + क्ष²)] चं क्ष = २ पाशी डेरिव्हेटिव्ह त्यानं क्षणात सांगितलं: २/५.

“सर, नोट्समधे २/(१ + क्ष²) असंच हाये.”

“बरं बावा, कंसात क्ष २ ठेव. मग ३ ठेव.”

आधी ४/५ आले, मग ३/५.

“कमी होऊन राहिलं ना? मग डेरिव्हेटिव्ह धन काऊन?”

पोरगा गप्प. क्ष = टॅन θ ठेवल्यावर साइन इन्व्हर्स (साइन २θ) उरतं. ते २θ होतं, पण २θ हा −९०° ते ९०° मध्ये असेल तरच, म्हणजे क्ष −१ ते १ मध्ये असताना. क्ष १ च्या पुढे गेला की ते १८०° − २θ होतं, चिन्ह बदलतं आणि उत्तर −२/५ येतं. नोट्स छापणाऱ्यानं ही अट गाळली होती. घाईत शिकणाऱ्याला ती नकोच असते, आणि मार्क तिथेच जातात. म्हणून टॅन θ ठेवण्याआधी क्ष ची हद्द समासात लिहा. क्ष = १ आणि −१ पाशी तर डेरिव्हेटिव्हच नाही; तिथे आलेखाला टोक येतं.