नाव टाकलं, निकाल शून्य: होलोकॉस्टमधली माणसं शोधणारा ऑनलाइन संग्रह बांधताना या चुका टाळा

खरेदीच्या साइटवर हवे ते बूट सापडले नाहीत तर माणूस दुसरी साइट उघडतो. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, संग्रहात आजीच्या भावाचं नाव टाकून 'एकही नोंद सापडली नाही' असं उत्तर आलं, तर नात धरून चालते की त्याचा एकही कागद उरला नाही, आणि शोध तिथेच थांबवते. कागद अनेकदा असतो. तो वेगळ्या स्पेलिंगखाली, गावाच्या जुन्या नावाखाली किंवा दोन वर्षं चुकलेल्या जन्मतारखेखाली पडलेला असतो, आणि शोधचौकट तिथवर पोचत नाही.

हा प्रश्न नवा नाही. जर्मनीत बाद आरोल्सनला आरोल्सन अर्काइव्ह्ज हा संग्रह आहे. नाझी छळाला बळी पडलेल्या आणि त्यातून वाचलेल्या १ कोटी ७५ लाख माणसांबद्दलचे सुमारे ३ कोटी कागद तिथे आहेत. २००७पर्यंत बाहेरच्या संशोधकांना तिथे प्रवेश नव्हता. नातेवाईक पत्र पाठवत आणि कर्मचारी शोधून उत्तर देत. या कर्मचाऱ्यांच्या हाताशी ५ कोटी कार्डांची मध्यवर्ती नामसूची होती, आणि ती नुसती अकारविल्हे न लावता उच्चाराप्रमाणे लावलेली होती. एकसारखी ऐकू येणारी आडनावं एकाच खणात. आज एखाद्या शहराची किंवा छावणीची नावयादी ऑनलाइन आणणाऱ्या मंडळींकडे सर्व्हर असतो, पैसाही थोडाफार असतो, पण त्या कार्डांच्या खणांत होतं तेवढं शहाणपण त्यांच्या शोधचौकटीत नसतं.

लक्षण: नाव बरोबर टाकूनही काही येत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या चुका नंतर सुधारता येतात, ही सुधारली नाही तर बाकीचं कुणाला दिसतच नाही.

जुळणी अक्षराला अक्षर करायची, हा पहिला दोष. तो लक्षात आला की लोक डेटाबेसमध्ये आयतं मिळणारं साउंडेक्स फंक्शन (उच्चारावरून नावाला कोड देणारं) लावून मोकळे होतात, आणि हा दुसरा दोष. साउंडेक्सचं पेटंट १९१८चं, अमेरिकेतलं, आणि ते इंग्रजी कानासाठी बनलेलं. मॉस्कोविट्झ हे आडनाव घ्या. मधला 'व' डब्ल्यूने लिहिला तर साउंडेक्स कोड येतो एम२३२, व्हीने लिहिला तर एम२१३. माणूस तोच, उच्चार तोच, कप्पे मात्र दोन. कारण साउंडेक्स डब्ल्यूला जमेतच धरत नाही आणि व्हीला १ हा आकडा देतो. पोलिश आणि जर्मन कागदांत 'व'चा उच्चार डब्ल्यूने लिहिण्याचीच रीत आहे, तेव्हा हा घोटाळा पानोपानी होणार. शिवाय साउंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतो, म्हणून आउअरबाख ए६१२ होतं आणि ओरबाख ओ६१२.

याचा इलाज १९८५पासून उपलब्ध आहे. ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये कायदेशीर नाव बदललेल्या सुमारे २८,००० माणसांची सूची करताना वंशावळींचे अभ्यासक गॅरी मोकोटॉफ यांना साउंडेक्सचा हा तोकडेपणा जाणवला. त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू नावांसाठी वेगळी पद्धत केली आणि रँडी डाइच यांनी तीत भर घातली. डाइच-मोकोटॉफ पद्धतीत दोन्ही मॉस्कोविट्झ ६४५७४० या एकाच कोडवर येतात, आणि पहिला स्वर कोणताही असला तरी त्याला आकडाच मिळत असल्याने आउअरबाख-ओरबाखही भेटतात. २००८मध्ये बायडर-मोर्स ही आणखी काटेकोर पद्धत आली. ती आधी नाव कोणत्या भाषेतलं असावं याचा अंदाज घेते आणि मग उच्चार ठरवते, त्यामुळे फापटपसारा कमी येतो. यातलं काहीच स्वतः लिहायची गरज नाही. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीच्या फोनेटिक प्लगिनमध्ये दोन्ही पद्धती आहेत आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १६व्या आवृत्तीपासून डाइच-मोकोटॉफचं फंक्शन बरोबरच येतं. फक्त एका नावाला एकाहून जास्त कोड मिळू शकतात, तेव्हा कोडचा रकाना एकेरी ठेवू नका.

उच्चाराने सुटत नाहीत अशा गाठी वेगळ्या. रशियनमध्ये 'ह' नाही, त्यामुळे हिर्श तिथे गिर्श होतो आणि होरोविट्झ गुर्विच. हंगेरियन कागदावर आडनाव आधी येतं. चेक बाईच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतं, पोलिशमध्ये 'स्की'ची 'स्का' होते. पहिल्या नावांचा तर वेगळाच संसार: घरी यिडिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत) हिर्श, हिब्रूत त्स्वी, जर्मन शाळेत हर्मान. मोशेचा वॉर्सात मोशेक आणि पॅरिसात मोरिस. यासाठी समानार्थी नावांचा तक्ताच लागतो, आणि तो भाषा जाणणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा लागतो. प्रोग्रामरने अंदाजपंचे केलेला तक्ता मदतीपेक्षा गोंधळच जास्त करतो.

एक छोटा, पण हमखास चावणारा किडा: वापरणारा साध्या कीबोर्डवर 'लोड्झ' हे गाव टाकतो, मूळ पोलिश नावात एल, ओ आणि झेड या तिन्ही अक्षरांवर खुणा असतात. खुणा काढायला बहुतेक जण युनिकोडची एनएफडी पद्धत वापरतात, ती अक्षर आणि खूण वेगळी करते. ओ आणि झेडवरची खूण निघते, एलवरची तिरकी रेघ निघत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते अक्षर अविभाज्य आहे. पोलंडमधलं वॉर्साखालोखालचं मोठं घेटो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) तुमच्या शोधातून गायब होतं आणि चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी वेगळा बदलतक्ता किंवा खुणांची अक्षरं साधी करणारा तयार फोल्डिंग फिल्टर लावा.

निकाल वाढले की क्रम महत्त्वाचा. तंतोतंत जुळणारे आधी, मग उच्चाराने, मग तक्त्याने, आणि प्रत्येक नोंदीशेजारी ती का आली हे एका ओळीत लिहा. ते नसेल तर गिर्श बघून वापरणारा म्हणणार, यंत्र बिघडलंय.

लक्षण: अर्ध्या बायकांचं मधलं नाव 'सारा'

१७ ऑगस्ट १९३८च्या नाझी फर्मानाने, सरकारी यादीतलं 'ज्यू' नाव ज्यांचं नव्हतं अशा ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' हे जादा नाव लावणं भाग पडलं. अंमल १ जानेवारी १९३९पासून. त्यानंतरच्या जर्मन याद्यांत ही नावं हजारोंनी दिसतात. ती नावाच्या रकान्यात घातलीत तर छळाचा शिक्का तुम्ही त्या माणसाची ओळख म्हणून छापता. कागदावरचा मजकूर म्हणून ठेवा, मुख्य नावातून वगळा. पण आपसूक काढणारा प्रोग्रामही चालवू नका, आईबापांनी हौसेने सारा नाव ठेवलेल्याही पुष्कळ होत्या.

लक्षण: एकाच गावाची चार गावं झाली

१९०५ साली जन्मलेला माणूस एकाच घरात राहून लेम्बर्ग, ल्वूव आणि ल्वोव या तीन नावांच्या गावांत राहिला: ऑस्ट्रिया-हंगेरी, पोलंड, सोव्हिएत संघ, मग जर्मन ताबा. आज ते युक्रेनमधलं ल्विव. लोड्झला जर्मनांनी १९४०मध्ये लित्समानश्टाट केलं. गाव मजकूर म्हणून साठवू नका. प्रत्येक ठिकाणाला एक ओळखक्रमांक, त्याखाली सगळी नावं आणि कोणतं नाव कोणत्या काळात, असं ठेवा. जन्मगाव, शेवटचा पत्ता, हद्दपार केलं ते ठिकाण आणि मृत्यूचं ठिकाण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'ठिकाण' नावाच्या एका रकान्यात त्या कोंबलेल्या दिसल्या की तो डेटाबेस घाईत झालाय हे समजावं.

देशाचा रकाना नकाशाच्या सेवेकडून भरून घेऊ नका. ऑशवित्झ या जर्मनव्याप्त पोलंडमधल्या नाझी छावणीसमोर नुसतं 'पोलंड' आलं की छावणी पोलिश होती असा अर्थ निघतो. पोलंडच्या विनंतीवरून युनेस्कोने २००७मध्ये त्या स्थळाच्या अधिकृत नावात 'जर्मन नाझी' हे शब्द घातले ते याचसाठी.

लक्षण: तारखा वेड्यासारख्या वागतात

बहुतेक प्रकल्प एक्सेलमध्ये सुरू होतात आणि बहुतेक तारखा तिथेच मरतात. एक्सेलला १९००च्या आधीची तारीख कळत नाही. म्हणजे १८७८ला जन्मलेल्या आजोबांची तारीख साधा मजकूर राहते, १९०६च्या मुलाची खरी तारीख होते, आणि क्रमवारी लावली की कुटुंब दोन टोकांना जातं. यादीत वर्ष नुसतं '१२' असेल तर एक्सेल २०१२ करतं. युरोपीय कारकुनाने लिहिलेला ३.७. हा ३ जुलै, अमेरिकी लष्कराच्या निर्वासित छावणीत टाइप झालेला तसाच आकडा ७ मार्च असू शकतो. तारखेचे सगळे रकाने आधी 'मजकूर' करून घ्या, कागदावर जसं आहे तसं उतरवा आणि तुम्ही लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात लिहा.

शोधात दोन-चार वर्षांची सूट हवीच. ऑशवित्झच्या फलाटावर पोरांनी वय वाढवून सांगितलं, कारण लहान मुलांना सरळ गॅस चेंबरकडे पाठवत. युद्धानंतर स्थलांतराच्या अर्जांत वयं पुन्हा बदलली.

आणि ८ मे १९४५ या तारखेला मृत्यूंचा डोंगर दिसला तर डेटा बिघडलेला नाही. ज्यांचा पत्ता लागला नाही अशांना युद्धानंतर जर्मन न्यायालयांनी मृत घोषित केलं आणि अनेकांसाठी युद्धसमाप्तीचाच दिवस मृत्युदिन ठरवला. ती कायद्यापुरती तारीख आहे. तिला 'न्यायालयाने ठरवलेली' असा वेगळा प्रकार द्या, नाहीतर कुणीतरी त्यावरून आलेख काढेल.

लक्षण: एका माणसाच्या पाच नोंदी, किंवा पाच माणसांची एक

इथे सगळ्यांचे हात शिवशिवतात: सारख्या नोंदी एकत्र करून टाकू. करू नका. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेने १९५०च्या दशकापासून साक्षपत्रं गोळा केली. नातेवाईक किंवा शेजारी बळी पडलेल्याबद्दल एक पान भरून देतात. एकाच बाईबद्दल बहीण, पुतण्या आणि शेजारीण यांनी तीन पानं भरलेली असू शकतात, तिन्हींत वय वेगळं, मुलांची संख्या वेगळी. त्या तीन साक्षी आहेत, आणि प्रत्येकीत काहीतरी असं असतं जे बाकी दोन्हींत नाही. कधी ज्याच्याबद्दल पान भरलं तो भाऊ जिवंत निघतो, कारण दोन्ही भावांना दुसरा गेला असंच वाटत होतं.

रचना दोन थरांची ठेवा. खालच्या थरात कागद: प्रत्येक नोंद स्वतंत्र, तिचा स्रोत आणि कागदाचं चित्र सोबत, एकदा उतरवलं की बदल नाही. वरच्या थरात माणूस: 'या चार नोंदी बहुधा एकाच व्यक्तीच्या' असा दुवा, तो कुणी जोडला, कशावरून, किती खात्रीने, आणि कधीही सोडवता येईल असा. यामुळे संख्येचा घोळही टळतो. मुखपृष्ठावर नोंदींचा आकडा 'बळींची संख्या' म्हणून झळकवलात तर होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारे दुहेरी नोंदी शोधून काढतील आणि सगळा संग्रहच खोटा म्हणतील. 'इतक्या नोंदी' आणि 'इतक्या व्यक्ती' वेगळं लिहा.

कैदीक्रमांक म्हणजे माणूस ओळखायची आयती किल्ली, असं डेव्हलपरला वाटतं. ऑशवित्झमध्ये पुरुष आणि बायकांच्या मालिका वेगळ्या होत्या, नंतर ए आणि बी मालिकाही आल्या. बुखेनवाल्डमध्ये मेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जाई. शिवाय एकच माणूस तीन छावण्यांतून गेला तर त्याला तीन क्रमांक. छावणी, मालिका आणि काळ सोबत असल्याशिवाय क्रमांकाला अर्थ नाही.

कागद खोटं बोलतो तेव्हा काय करायचं हेही या रचनेत सुटतं. ऑशवित्झच्या मृत्युनोंदवह्यांचे ४६ खंड उरले आहेत, १९४१ ते १९४३मधले, सुमारे ६९,००० कैद्यांचे. त्यांतली मृत्यूची कारणं सर्रास बनावट: गोळी घातलेल्या किंवा उपाशी मारलेल्या माणसासमोर हृदयविकार. रकान्याचं नाव 'मृत्यूचं कारण' ठेवू नका, 'वहीत लिहिलेलं कारण' ठेवा.

लक्षण: 'मृत' की 'हयात', एकच निवडा

अशी ड्रॉपडाउन दिसली की ती काढून टाका. ऑशवित्झला सुमारे १३ लाख माणसं नेली गेली, त्यांतल्या जवळपास ११ लाखांचा तिथे अंत झाला, आणि क्रमांक देऊन नोंद झाली ती फक्त ४ लाखांची. बाकीच्यांना गाडीतून उतरवून थेट मारलं, छावणीच्या वहीत नाव नाही. १९४४च्या उन्हाळ्यात हंगेरीतून नेलेल्या चार लाखांहून अधिक माणसांपैकी बहुसंख्यांची हीच गत. तेव्हा 'अमुक गाडीने रवाना, पुढे नोंद नाही' हा पर्याय लागतो, 'मृत घोषित' लागतो, 'युद्धानंतरच्या यादीत नाव आहे' हाही लागतो.

निसटून गेलेल्यांसाठी देशांची यादी अमेरिका आणि पॅलेस्टाइनवर संपवू नका. शांघाय आहे, आणि मुंबईही आहे. जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन काम करत होती. युद्ध पेटताच ब्रिटिशांनी जर्मन कागदपत्रं असलेल्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवलं. हिटलरपासून पळून आलेले ज्यूही त्यात सापडले, आणि त्यांच्यातले काही पुरंदरच्या नजरकैद छावणीत राहिले. ड्रॉपडाउनमध्ये भारतच नसेल तर अशा माणसाला कुठे बसवणार?

'शून्य निकाल' हे पान कुणीतरी बसून नीट लिहा. त्यावर चार गोष्टी हव्यात: नोंद नसणं म्हणजे माणूस वाचला किंवा मेला असं ठरत नाही, या संग्रहात कोणत्या याद्या आहेत आणि कोणत्या नाहीत, दुसरं स्पेलिंग किंवा नुसतं गाव टाकून बघायचा दुवा, आणि आरोल्सन, याद वाशेम, वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय यांचे पत्ते.

गोपनीयता आणि दुरुस्त्या

वाचलेल्यांपैकी काही आज हयात आहेत. वैद्यकीय कागद, समलिंगी म्हणून किंवा 'समाजविघातक' म्हणून छावणीत टाकल्याची खूण, साक्षपत्र भरणाऱ्याचा घरचा पत्ता, हे सगळं उघड्यावर टाकण्याआधी धोरण ठरवा. कुटुंबाकडून आलेली दुरुस्ती जुन्या नोंदीवर लिहू नका, तीही एक नवी साक्ष म्हणून जोडा.

साइट खुली करण्याआधी ज्याचे कागद तुम्हाला पाठ आहेत असा एक माणूस घ्या. त्याला खुणांशिवायच्या स्पेलिंगने शोधा, मग रशियन वळणाने, मग नाव-आडनाव उलट टाकून, मग गावाच्या आजच्या नावाने, मग जन्मवर्ष दोनने चुकवून. यातल्या एका जरी शोधात तो सापडला नाही तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकला.