'अनइन्स्टॉल' दाबण्याआधी

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहेत' अशी पाटी सारखी उगवते, काही शोधायला गेलं की भलतंच पान उघडतं, आणि आपण कधीच न घेतलेला एखादा 'क्लीनर' चालू होऊन पैसे मागायला लागतो. अशा वेळी हात आधी डिलीटकडे जातो. तो थोडा आवरा. मुलुंडला माझ्या मावशीकडे गेल्या पावसाळ्यात हेच झालं. सोसायटीचं सर्क्युलर पीडीएफ करायला तिने एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घेतला आणि त्याच्या पाठोपाठ आणखी तीन प्रोग्राम आत शिरले. शेजारच्या मुलाने मदत म्हणून प्रोग्राम फाइल्समधलं त्या कन्व्हर्टरचं फोल्डरच उडवलं. पाट्या थांबल्या नाहीत, आणि काढायला गेलो तर प्रोग्राम नीट काढून टाकणारा अनइन्स्टॉलर त्या फोल्डरबरोबरच गेलेला. तो अख्खा शनिवार त्यात गेला. म्हणून आता मी कोणाच्याही घरी गेले की निम्मा वेळ नुसत्या तयारीला देते.

पहिलं काम नेट तोडायचं. वायफाय बंद, केबल असेल तर उपसून ठेवा. असले प्रोग्राम बाहेरून आणखी काही ओढून आणू शकतात, आपली माहिती बाहेर पाठवू शकतात. मग मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा: पाटीवरचा मजकूर, अनोळखी प्रोग्रामचं नाव, उघडलेल्या पानाचा पत्ता. नंतर शब्द नेमके आठवत नाहीत, फोटोत ते राहतात.

पाटीवर फोन नंबर असेल तर तो लावू नका, काहीही झालं तरी. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. आणि घरातल्या कोणी तो आधीच लावला असेल, सांगितल्याप्रमाणे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचे प्रोग्राम) घेऊन समोरच्याला आत घेतलं असेल, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर दिला असेल, तर सफाई बाजूला ठेवा. मोबाइलवरून आधी बँकेला कळवून खातं, कार्ड बंद करायला सांगा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. तक्रार नोंदवेपर्यंत मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या वेळी रागावूही नका. रागावलं की पुढच्या वेळी ती सांगत नाहीत, आणि मग पैसे गेल्याचं आपल्याला आठवड्याने कळतं.

पैशांचा प्रश्न नसेल तर बॅकअपकडे वळा. घरातली जुनी बॅकअपची डिस्क या मशीनला लावू नका. रिकामा पेनड्राइव्ह किंवा नवी डिस्क घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर एक जास्तीचा पेनड्राइव्ह आणून ठेवा, सफाईची साधनं दुसऱ्या मशीनवरून आणायला लागेल. बॅकअपमध्ये फक्त फोटो, दाखले, रिटर्नचे कागद, सोसायटीचे हिशेब घ्या. सेटअप फाइल, 'एक्सई' (प्रोग्राम चालू करणाऱ्या .exe फाइली), क्रॅक केलेले गेम घेऊ नका, कारण घाण बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते. घेऊन झालं की डिस्क लगेच काढा. फाइलींची नावं बदलून शेवटी विचित्र अक्षरं लागली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर तो रॅन्समवेअर आहे, काही लावू नका. २०१६ साली युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांबरोबर 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. काही प्रकारांसाठी फाइली उघडायची साधनं तिथे फुकट मिळतात.

आता किल्ल्या. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप असेल, तर सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह चालू करताना) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून आधीच पाहून कागदावर लिहून ठेवा. मी एकदा हे विसरले आणि त्या दिवशी काम तिथेच थांबलं. विंडोजचा पासवर्डही विचारून घ्या.

साधनं दुसऱ्या, निरोगी मशीनवर उतरवा, आणि शोधात वर आलेल्या जाहिरातीवरून नव्हे, थेट बनवणाऱ्याच्या साइटवरून. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर घेतलात तर तो दहा दिवसांत कालबाह्य होतो, म्हणून जुना पडून असलेला वापरू नका. नको असलेल्या जाहिराती आणि टूलबारसाठी मालवेअरबाइट्सचा अॅडडब्ल्यूक्लीनर (AdwCleaner) बरा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडेही फुकट साधनं आहेत. पण सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका, ते एकमेकांत अडकतात. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस हवा, पावसाळ्यात वीज मध्येच गेली तर काम अर्धवट राहतं.

प्रोग्रामला हात लावण्याआधी ब्राउझर पाहा. मी पाहिलेल्या घरांत बऱ्याच वेळा कोपऱ्यातल्या त्या 'व्हायरस'मागे कुठलंच सॉफ्टवेअर नव्हतं! कुठल्या तरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि कोणीतरी 'अलाऊ' दाबलं, एवढंच. क्रोममध्ये साइट सेटिंग्जमधून ती परवानगी काढली की पाट्या बंद. अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढताना सिंक, म्हणजे मशीनमशीनमधली आपोआप देवाणघेवाण, मात्र आधी थांबवा, नाहीतर दुसऱ्या मशीनवरून ते पुन्हा हजर होतं.

मग सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल्ड अॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय आलं, ते आपोआप वर येतं. अनोळखी म्हणजे वाईट असं समजू नका: व्हिज्युअल सी प्लस प्लस, रिअलटेक, इंटेल अशी नावं मशीनला लागतात, ती राहू द्या. अनइन्स्टॉल करताना प्रत्येक खिडकी वाचा. 'ठेवा' हे बटण मोठं आणि हिरवं असतं, 'काढा' हे फिकट अक्षरांत.

काढून रीस्टार्ट झालं की नेट जोडा, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) अपडेट करा, पूर्ण स्कॅन लावा, आणि उघड्या फाइली सेव्ह करून विंडोज सुरू होण्याआधी चालणारा ऑफलाइन स्कॅन. त्याला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि मशीन स्वतःच रीस्टार्ट होतं. विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला मायक्रोसॉफ्टचा मिळणारा नेहमीचा सपोर्ट संपला आहे, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

पासवर्ड शेवटी बदलायचे, आणि मोबाइलवरून: आधी ईमेल, मग बँक. बदलताना 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, कारण चोरलेली कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) काही वेळा पासवर्ड बदलल्यावरही चालते. आठवड्याने यादी पुन्हा उघडा. तेच नाव परत दिसलं तर वेळ घालवू नका. कागद सुरक्षित आहेत, रिकव्हरी की लिहिलेली आहे, तेव्हा सरळ विंडोज नव्याने टाका.